सहा जणांच्या टीमला स्क्रमसाठी गिटहब पुरेसे आहे का, की जिरा घ्यावेच लागते?

तुमचा प्रश्न असा आहे की टीम सहा जणांची आहे, कोड गिटहब या ऑनलाइन सेवेवरच्या दोन रेपॉझिटरींमध्ये (कोडच्या भांडारांमध्ये) आहे आणि स्क्रम पद्धतीने दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक मुदतीचे टप्पे, सुरू करायचे आहेत; तर जिरासारखे कामांची नोंद ठेवणारे वेगळे साधन घ्यावे, की गिटहबमधल्याच इश्यू (एकेका कामाची नोंद) आणि प्रोजेक्ट्सवर (त्या नोंदींची कार्डे दाखवणारा बोर्ड) भागेल? माझ्या मते तुमच्या आकाराच्या टीमचे गिटहबवर व्यवस्थित भागते, आणि कामाचे कार्ड व त्याचा कोड एकाच ठिकाणी राहत असल्यामुळे काही बाबतींत वेगळ्या साधनापेक्षा बरेच चालते. मात्र गिटहबची मूळ मांडणी ‘मर्ज झाले (नवा कोड मूळ कोडमध्ये मिळवला) म्हणजे काम झाले’ असे गृहीत धरून केलेली आहे आणि स्क्रमला ते मान्य नाही. म्हणून बाकी कशाआधी हीच गोष्ट बदलून घ्या.

नवे प्रोजेक्ट तयार केले की त्यात दोन ऑटोमेशन आधीपासूनच चालू असतात: इश्यू बंद झाला की कार्डाचे स्टेटस ‘डन’ होते आणि पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल मर्ज करण्याची विनंती) मर्ज झाली की तिचेही ‘डन’ होते. शिवाय पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ‘फिक्सेस’ किंवा ‘क्लोजेस’ हा शब्द आणि त्यापुढे इश्यूचा क्रमांक लिहिला, तर डीफॉल्ट ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य शाखेत) मर्ज होताच तो इश्यू आपोआप बंद होतो. म्हणजे डेव्हलपरने मर्जचे बटण दाबले की कार्ड थेट शेवटच्या रकान्यात जाऊन बसते, आणि टेस्टिंग करणाऱ्याने ते अजून उघडलेलेही नसते. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडच्या नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीत याबद्दल संदिग्धता ठेवलेली नाही: ‘डेफिनेशन ऑफ डन’ (काम पूर्ण झाले असे कधी म्हणायचे याचे निकष) पूर्ण न करणारे काम इन्क्रिमेंटचा (उत्पादनात पडलेल्या तयार भरीचा) भाग धरता येत नाही, ते रिलीजही करता येत नाही आणि स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये दाखवताही येत नाही.

ओटीपीने लॉगिन करण्याचे कार्ड घ्या. कोड लिहून झाला, सहकाऱ्याने तपासला, स्वयंचलित चाचण्या हिरव्या आल्या, मर्ज झाले. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीसाठीच्या सर्व्हरवर, मात्र असे दिसते की ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यावर नवा ओटीपी येतो खरा, पण आधीचाही अजून चालतो. हा दोष सापडेपर्यंत इश्यू बंद झालेला असतो, बोर्डावर काम पूर्ण दिसत असते आणि मग कोणीतरी त्यासाठी वेगळा बग नोंदवतो. बोर्डावर एक पूर्ण झालेले काम आणि एक नवा बग असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात ते एकच अपुरे काम असते.

उपाय सोपा आहे. रेपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये, जनरल विभागात, जोडलेली पुल रिक्वेस्ट मर्ज झाल्यावर इश्यू आपोआप बंद करण्याचा पर्याय असतो. दोन्ही रेपॉझिटरींमध्ये त्याची खूण काढा. ‘फिक्सेस’ लिहिण्याची सवय मात्र सोडू नका, कारण त्यामुळे इश्यू आणि पुल रिक्वेस्ट यांची जोडणी टिकते आणि कोणत्या कार्डासाठी कोणता कोड बदलला हे वर्षभरानंतरही शोधता येते. मग प्रोजेक्टच्या वर्कफ्लोमध्ये उलट दिशेचे ऑटोमेशन चालू करा: स्टेटस ‘डन’ केले की इश्यू बंद व्हावा. आता मर्ज झालेले कार्ड आपोआप ‘डन’ होत नाही; ते ‘पडताळणी’ नावाच्या रकान्यात ठेवायचे आणि निकष पूर्ण झाल्याची खात्री करून माणूसच ते पुढे सरकवतो. तुम्ही ‘डेव्हलप’ नावाच्या वेगळ्या ब्रँचमध्ये मर्ज करत असाल आणि तुमची डीफॉल्ट ब्रँच ‘मेन’ असेल, तर ‘फिक्सेस’ लिहूनही जोडणी होत नाही हे लक्षात ठेवा. तिथे ती पुल रिक्वेस्टच्या बाजूच्या पट्टीतून हाताने करावी लागते.

‘डेफिनेशन ऑफ डन’ कुठे लिहावी, हा यातलाच पुढचा प्रश्न. ती विकीच्या एखाद्या पानावर ठेवली तर कोणी पाहत नाही, असा माझा अनुभव आहे. तिचे दोन भाग करावेत. जे यंत्राला तपासता येते, म्हणजे बिल्ड यशस्वी होणे, चाचण्या पास होणे, किमान एका सहकाऱ्याची मंजुरी मिळणे, ते ब्रँच प्रोटेक्शनच्या नियमांत घालावे. मग ते पूर्ण झाल्याशिवाय मर्ज होतच नाही. (खासगी रेपॉझिटरीसाठी हे नियम मोफत योजनेत मिळत नाहीत. माझ्या दृष्टीने पैसे भरून योजना घेण्याचे सर्वांत चांगले कारण हेच आहे.) जे माणसालाच पाहावे लागते ते इश्यूच्या साच्यात चौकटींच्या स्वरूपात ठेवावे. त्या विशिष्ट कामाचे स्वीकृती निकष मात्र वेगळ्या शीर्षकाखाली लिहावेत, कारण ते दर कार्डाला बदलतात आणि डेफिनेशन बदलत नाही.

स्प्रिंटसाठी माइलस्टोन वापरू नका, आयटरेशन फील्ड वापरा. माइलस्टोन एका रेपॉझिटरीपुरता असतो आणि त्याला फक्त शेवटची तारीख असते. तुमच्या दोन रेपॉझिटरींमुळे प्रत्येक स्प्रिंटचे दोन माइलस्टोन सांभाळत बसावे लागेल. आयटरेशन फील्ड प्रोजेक्टचे असते, त्यामुळे दोन्हीकडची कार्डे एकाच स्प्रिंटमध्ये येतात. त्याला सुरुवातीची तारीख आणि कालावधी देता येतो, आणि मधे खंडही टाकता येतो, म्हणजे दिवाळीच्या आठवड्यासाठी पुढच्या सगळ्या तारखा हाताने सरकवाव्या लागत नाहीत. फिल्टरमध्ये चालू आयटरेशन निवडून बोर्डाचा एक व्ह्यू जतन केला की डेली स्क्रमसाठी (रोजच्या छोट्या बैठकीसाठी) तोच पुरतो. इंटरनेटवरच्या जुन्या मार्गदर्शक लेखांत हे फील्ड सापडणार नाही, कारण ते बहुधा प्रोजेक्ट्सच्या जुन्या प्रकाराविषयी असतात. आताचे प्रोजेक्ट्स जुलै २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

स्प्रिंट संपल्यावर अपुरी कार्डे पुढच्या स्प्रिंटमध्ये आपोआप जात नाहीत. अनेकांना ही उणीव वाटते. मला ती योग्य वाटते. अपुरे काम प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये (उत्पादनासाठी करायच्या कामांच्या यादीत) परत जावे आणि ते पुढे घ्यायचे की नाही हे नव्याने ठरावे, असेच स्क्रम गाइड सांगते. अडचण दुसरीच आहे: कार्डाचे आयटरेशन बदलले की जुने मूल्य पुसले जाते, त्यामुळे मागच्या स्प्रिंटमध्ये मुळात काय घेतले होते हे फिल्टर लावून दिसत नाही. म्हणून कार्डे हलवण्याआधी अपुऱ्या कार्डांची यादी त्या स्प्रिंटच्या नोंदीत लिहून ठेवावी. कामाच्या आकाराच्या अंदाजासाठी एक संख्येचे फील्ड करा; प्रत्येक रकान्याच्या वर त्याची बेरीज दिसते. इनसाइट्समध्ये बर्न-अप आलेख (झालेले काम वाढताना दाखवणारा) मिळतो, बर्न-डाउन (उरलेले काम घटताना दाखवणारा) मिळत नाही. त्याची खंत करू नका. स्क्रम गाइडमध्ये या आलेखांचा उल्लेख केवळ उदाहरणादाखल आहे आणि स्टोरी पॉइंट (कामाचा आकार मोजण्याचे एकक) तर त्यात नाहीतच.

स्प्रिंट गोलसाठी गिटहबमध्ये स्वतंत्र जागा नाही, आणि त्यामुळेच तो लिहायचा राहून जातो. प्रोजेक्टच्या स्टेटस अपडेटमध्ये तो एका वाक्यात लिहावा; तिथे सुरुवातीची आणि अपेक्षित शेवटची तारीखही देता येते, आणि स्प्रिंट मधे डळमळू लागला तर तशी नोंदही तिथेच करता येते. वर सांगितलेली अपुऱ्या कामांची यादीही याच ठिकाणी ठेवावी.

बॅकलॉगमध्ये ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ अशी लेबले लावण्याचा मोह टाळा. प्रॉडक्ट बॅकलॉग ही क्रम लावलेली यादी असते, आणि वीस कार्डांना ‘हाय’ लावले की क्रम उरत नाही. टेबल व्ह्यूमध्ये कार्डे हाताने वरखाली करून क्रम लावा आणि त्या व्ह्यूला कोणतेही सॉर्टिंग लावू नका, नाहीतर हाताने लावलेला क्रम दिसणार नाही. हे काम प्रॉडक्ट ओनरचे (आधी काय करायचे हे ठरवणाऱ्याचे) आहे, म्हणून त्यांना स्वतंत्र खाते द्या. प्रोजेक्टमध्ये प्रवेश दिला तरी खासगी रेपॉझिटरीत प्रवेश नसेल, तर तिथले इश्यू त्यांना दिसत नाहीत. रेपॉझिटरी संस्थेच्या खात्याखाली असतील तर त्यांना ‘ट्रायाज’ ही भूमिका द्या. त्यात इश्यू हाताळता येतात, पण कोडमध्ये बदल करता येत नाही.

कोड गिटहबसारख्याच गिटलॅब या सेवेवर असता तर उत्तर थोडे बदलले असते. तिथल्या माइलस्टोनला सुरुवातीची तारीखही असते आणि तो अनेक प्रोजेक्टच्या (तिथे रेपॉझिटरीला प्रोजेक्ट म्हणतात) ग्रुपसाठी करता येतो, त्यामुळे मोफत योजनेत त्यालाच स्प्रिंट मानून चालते. आयटरेशन, इश्यूचे वेट (आकाराचा अंक) आणि बर्न-डाउन आलेख मात्र प्रीमियम या सशुल्क योजनेपासून पुढे मिळतात.

जिराकडे वळण्याची वेळ माझ्या मते दोन परिस्थितींत येते: ग्राहकाला तासांचा हिशेब आणि प्रत्येक स्प्रिंटच्या व्हेलॉसिटीचे (किती काम पूर्ण झाले याचे) अहवाल ठरावीक नमुन्यात द्यावे लागत असतील, किंवा तीन-चार टीम एकाच उत्पादनावर काम करत असून त्यांच्यातले बरेच जण कधीच कोड उघडत नसतील. तुमच्या प्रश्नात यातले काही दिसत नाही, तेव्हा पहिले काही स्प्रिंट गिटहबवरच करा.