बहुमत असूनही शटडाऊन का होतो, आणि एच-वनवाल्यांनी काय बघायचं

प्रश्न दोन आहेत. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेसची (म्हणजे तिथल्या संसदेची) हाउस व सिनेट ही दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांच्या हातात असताना 1 ऑक्टोबर 2025 पासून सरकार 43 दिवस बंद कसं राहिलं? आणि पुन्हा तशी वेळ आली तर एच-वन-बीच्या, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या, कागदपत्रांचं काय?

आधी मतांचा हिशोब. खर्चाची बिलं 1 ऑक्टोबरच्या आत पास झाली नाहीत तर ऑफिसांचा पैसा थांबतो, तोच शटडाऊन. सिनेटमध्ये खर्चाचं बिल पास व्हायला साधं बहुमत पुरतं. पण मतदानाला पोचायचं तर आधी चर्चा बंद करावी लागते, म्हणजे क्लोचर, आणि त्याला 60 मतं लागतात. रिपब्लिकन होते 53. बिल असं अडवून धरण्याला फिलिबस्टर म्हणतात; तो म्हणजे रात्रभर उभं राहून भाषण ठोकणं, हा समज सोडून द्या. 60 जमत नाहीत म्हटल्यावर बिल तिथंच अडतं, कुणाला तोंडही उघडावं लागत नाही. (डेमोक्रॅट सिनेटर कोरी बुकर 2025 मध्ये सलग 25 तासांहून जास्त बोलले, त्याने एकही बिल अडलं नाही.)

हाउसने 19 सप्टेंबरला तात्पुरत्या खर्चाचं बिल 217-212 ने पाठवलं. सिनेटमध्ये ते पुन्हापुन्हा 55 वर येऊन थांबायचं: रिपब्लिकन रँड पॉल विरोधात, म्हणून रिपब्लिकन 52; वर डेमोक्रॅट फेटरमन व कोर्टेझ मास्टो आणि अपक्ष अँगस किंग. बाकी डेमोक्रॅट अडून बसले होते, कारण आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरची वाढीव सवलत डिसेंबरअखेर संपत होती आणि त्यांना ती पुढे चालू ठेवून हवी होती. 9 नोव्हेंबरला आणखी पाच जण फुटले आणि बरोबर 60 झाले. सवलत मिळाली नाहीच, डिसेंबरमध्ये तिच्यावर मतदान घेऊ एवढा शब्द मिळाला. चाळीस दिवस ताणून पदरात एवढंच पडणार असेल, तर ताणलं कशाला, हे मला तरी उमगलेलं नाही.

‘मग जुलैत ट्रम्प यांचं कर आणि खर्चाचं वन बिग ब्यूटिफुल बिल सिनेटमध्ये 51-50 ने कसं पास झालं?’ ते रिकन्सिलिएशन नावाच्या बजेटच्या खास वाटेने गेलं. त्या वाटेला फिलिबस्टर लागू नाही, पण तिच्यातून मुख्यतः कर आणि कायद्याने ठरलेले खर्च बदलता येतात. दरवर्षीची 12 खर्चाची बिलं त्या वाटेने नेत नाहीत. आणि ती 12 बिलं वेळेत होणं हाच मुळात अपवाद. 1 ऑक्टोबरच्या आत सगळी पास होण्याची शेवटची वेळ 1996 मधली.

ऐनवेळी समझोता झाला तरी मुदत हुकू शकते. क्लोचरच्या अर्जावर 16 सह्या, मध्ये एक दिवस सोडून मतदान, त्यानंतर 30 तासांपर्यंत चर्चा. एकट्या सिनेटरने घाई करू द्यायची नाही असं ठरवलं तर हे सगळं सोसावं लागतं. म्हणून 29 सप्टेंबरच्या ‘तोडगा दृष्टिपथात’ छाप बातम्यांवर विसंबू नका.

आता दुसरा प्रश्न. इथे एकच गोष्ट बघायची: त्या ऑफिसचा पैसा कुठून येतो. व्हिसा आणि इमिग्रेशनचे अर्ज तपासणारं यूएससीआयएस मुख्यतः अर्जांच्या फीवर चालतं, त्यामुळे ते सुरू राहतं. वकिलातींचं व्हिसाचं कामही फीवरच, म्हणून मुंबईची अपॉइंटमेंट केवळ शटडाऊनमुळे रद्द होईल असं धरून चालू नका. गाडी अडते ती लेबर खात्यात. एच-वन-बीच्या अर्जासोबत मंजूर एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दल कंपनीने भरायचा अर्ज) लागतो, तो मंजूर करणारं हे खातं, आणि त्याला पैसा काँग्रेसच्या बिलातून. 2025 मध्ये या खात्याचं अर्जांचं पोर्टल जवळजवळ महिनाभर बंद होतं. नवीन एलसीए नाही, पर्म (ग्रीन कार्डासाठी लागणारी लेबर खात्याची मंजुरी) पण नाही. म्हणजे ट्रान्सफर, एक्स्टेन्शन, सगळं खोळंबलं. उलट 2018-19 चा शटडाऊन 35 दिवस चालूनही एलसीए मिळत होते, कारण लेबर खात्याचं बिल आधीच, सप्टेंबर 2018 मध्ये, पास झालेलं होतं. तेव्हा ‘शटडाऊन होणार का’ यापेक्षा ‘लेबर-एचएचएस बिल (12 पैकी ज्यात लेबर खात्याचा पैसा असतो ते) पास झालंय का’ ही बातमी शोधा.

एलसीए नोकरीच्या तारखेच्या सहा महिने आधीपर्यंत भरता येतो आणि मंजुरीला कामाचे सात दिवस लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये स्टेटस संपत असेल तर वकिलाला ऑगस्टमध्येच भरायला सांगा. कंपनी नवी असेल आणि तिचा टॅक्स नंबर लेबर खात्याने आधी पडताळलेला नसेल तर आणखी काही दिवस धरा. या पडताळणीपायी अर्ज नामंजूर होऊन सात दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. नोकरी बदलायची असेल तर नवीन एलसीए आणि यूएससीआयएसची पावती हातात येईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा देऊ नका.

जोडीदार सरकारी ऑफिसात काम करत असेल तर नेमणूक थेट सरकारची आहे की कंत्राटदाराची, ते तपासा. थेट सरकारी नोकराला 2019 च्या कायद्यानुसार मागचा पगार नंतर मिळतो. आपले बरेच आयटीवाले मात्र तिथे कंत्राटदारामार्फत असतात, आणि त्यांना तो कायदा लागू नाही.