विद्यापीठाच्या नव्या इमारतींची नावे सर्वांकडून मागवताना मतदान घ्यावे का?

आपला प्रश्न असा आहे की, विद्यापीठाच्या आवारात बांधून झालेल्या तीन इमारतींना नावे द्यायची आहेत, त्यासाठी विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी आणि माजी विद्यार्थी यांना आवाहन करायचे आहे. तेव्हा सरळ मतदान घेऊन सर्वाधिक मतांचे नाव द्यावे काय? माझ्या मते सूचना सर्वांकडून मागवाव्यात, मतदान मात्र घेऊ नये. खानदेशातील एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो आणि तेथील नव्या इमारतीच्या नामकरण समितीवर काम केले होते, त्या अनुभवावरून हे लिहितो.

आम्ही ग्रंथालयाच्या दाराशी कुलूपबंद पेटी ठेवली होती. पंधरा दिवसांनी ती उघडली, तेव्हा चाळीसहून अधिक चिठ्ठ्या एकाच निळ्या शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात आणि एकाच वहीच्या फाडलेल्या पानांवर निघाल्या. नाव एकच होते आणि ते का द्यावे, याचे कारण एकाही चिठ्ठीवर नव्हते. नाव वाईट नव्हते. पण ते कोणता गट चालवतो आहे, हे शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना ठाऊक होते, आणि दुसऱ्या गटाला सुगावा लागताच त्यांच्याही वह्या फाटू लागल्या. चूक आमची होती. आवाहनात आम्ही ‘नाव सुचवा’ एवढेच लिहिले, निवड कशी होणार हे लिहिलेच नाही. त्यामुळे ज्याच्या चिठ्ठ्या जास्त त्याचे नाव, असा अर्थ लोकांनी घेतला आणि तो स्वाभाविकच होता.

दुसऱ्यांदा आम्ही छापील अर्ज काढला. त्यात नाव, ते का द्यावे याचे आठ-दहा ओळींत कारण, आणि शेवटी एक रिकामी जागा असलेले वाक्य होते: ‘मी ______मध्ये आहे, तिकडेच ये.’ सुचवलेले नाव त्या जागेत लिहून मोठ्याने वाचायचे, एवढीच परीक्षा. हा पोरखेळ वाटेल, पण आपल्याकडे तिची फार गरज आहे. जळगावात मूळजी जेठा महाविद्यालयाला ‘एम. जे.’ म्हणतात, आणि मूळजी जेठा कोण, हे तेथे शिकलेल्या किती जणांना सांगता येईल, याची मला शंका आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले याचा आनंद मला आजही आहे. परंतु ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ हे लांबलचक नाव बातम्यांत आणि बोलण्यात ‘कबचौउमवि’ होऊन बसले, आणि ज्या बाईंच्या ओव्या अख्ख्या खानदेशाच्या तोंडी आहेत, त्यांचे नाव त्या सहा अक्षरांत ऐकूही येत नाही. पदवी, उपाधी आणि आडनावासह पाच शब्दांचे नाव कोनशिलेवर शोभते, पण दुसऱ्याच वर्षी त्याची आद्याक्षरे उरतात. म्हणून दोन शब्दांपलीकडचे नाव समितीने घेऊच नये.

आलेल्या कारणांची शहानिशा हे समितीचे खरे काम आहे आणि त्यासाठी इतिहास जाणणारा एक तरी माणूस समितीत हवा. समजा, गणिताच्या इमारतीसाठी ‘भास्कराचार्य’ हे नाव आले आणि कारण म्हणून ‘ते आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचे’ असे लिहिले. त्यांच्या जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पाटण येथे 1207 सालचा शिलालेख आहे आणि भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे त्यातून कळते, ही गोष्ट मात्र पक्की आहे. तेव्हा नाव जरूर द्यावे, पण फलकावर जन्माचा दावा न करता शिलालेखाची हकीकत लिहावी. माझ्या मते आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातवाने मठ काढणे, हे विद्यापीठाच्या दृष्टीने जन्मस्थानापेक्षा अधिक मोलाचे कारण आहे. याच न्यायाने इतिहासाच्या इमारतीला इतिहास-संशोधक वि. का. राजवाडे यांचे नाव सुचवले गेल्यास, ते जन्माने खानदेशचे नव्हते म्हणून कोणी हरकत घेऊ नये. 1926 मध्ये ते धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तेथे आहे.

नावे व्यक्तींचीच असली पाहिजेत, असे आवाहनात चुकूनही सूचित होऊ देऊ नका. गिरणा, पांझरा, अनेर, गोमाई या नद्यांची नावे वसतिगृहांना सहज शोभतील, त्यांवरून भांडणही होणार नाही, आणि खुल्या रंगमंचाला नुसते ‘खळं’ म्हटले तर खेड्यातून आलेल्या मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. आमच्याकडे आलेला सर्वांत चांगला अर्ज रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचा होता. तो त्याने एका विद्यार्थ्याकडून लिहवून घेतला होता: ‘पाया खोदताना इथलं अंजनाचं झाड तोडलं. त्याचं नाव लावा.’ मुख्य इमारतीला अखेर एका व्यक्तीचेच नाव लागले, पण तिच्या मागील वाचनकक्षाला ‘अंजन’ नाव मिळाले आणि त्या आवारात पूर्ण उच्चारले जाणारे नाव तेवढे एकच आहे.

हा अर्ज केवळ मोबाइलवरून मागवला असता तर आमच्यापर्यंत आलाच नसता. म्हणून आपणही कागदी अर्ज मेस, माळीकाम, सफाई आणि सुरक्षा विभागांत हातोहात पोहोचवावेत, अहिराणी, भिली किंवा पावरीत लिहिलेले कारणही ग्राह्य धरावे, आणि परीक्षांचे दिवस टाळावेत. हयात व्यक्तीचे नाव चालणार नाही, देणगीदाराला आधीच शब्द दिला असल्यास ती इमारत या आवाहनात नाही, समिती प्रत्येक इमारतीसाठी तीन नावे कारणांसह जाहीर करील आणि अंतिम निर्णय व्यवस्थापन परिषदेचा राहील, या चार गोष्टी पहिल्याच परिपत्रकात छापाव्यात. त्या तीन नावांवर लेखी हरकती मागवायला पंधरा दिवस पुरेत. न निवडलेल्या चांगल्या नावांची यादी कुलसचिव कार्यालयात जपून ठेवावी, कारण आवारातील रस्ते, सभागृहे आणि बागा अजून नावांवाचून आहेत.