सी ड्राइव्ह दिसतो, मग ए आणि बी कुठे गेले?

प्रश्न : घरच्या कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी ड्राइव्ह आहेत, ए-बी नाहीतच. सेकंडहँड घेतलाय, दुकानवाल्याने काढून तर नाही ना घेतले?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही हो काका, उगाच त्या बिचाऱ्यावर शंका नको! 1981 मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नसायचीच, एक नाहीतर दोन फ्लॉपी ड्राइव्ह (फ्लॉपी म्हणजे माहिती साठवायची, काढता-घालता येणारी पातळ चकती) असायचे, तेच ए आणि बी, आणि एकच असला तर तोच आळीपाळीने ए-बी दोन्ही व्हायचा, स्क्रीनवर मेसेज यायचा की आता दुसरी फ्लॉपी घाला. मग 1983 च्या एक्सटी मॉडेलमध्ये हार्ड डिस्क आली, तिला सी मिळालं. साइज किती, तर 10 एमबी, म्हणजे आजच्या मोबाइलचे तीन-चार फोटो. फ्लॉपी गेल्या, पण विंडोज अजून सीपासूनच सुरुवात करतं.

आणि तुमचा डी बहुतेक वेगळी डिस्क नसेलच, एकाच डिस्कचे दोन भाग पाडलेले असतात. त्यामुळे फोटो डीमध्ये कॉपी केले म्हणजे बॅकअप झाला असं समजून बसू नका, डिस्क बसली की दोन्ही जातात, पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.