दोन प्रादेशिक बिझनेस स्कूलमधून निवड करताना

आपल्यापुढे दोन संस्था आहेत: एकीचा क्रमांक वरचा, पण ती आपल्याला जिथे नोकरी करायची आहे त्या प्रदेशापासून दूर, दुसरी त्याच प्रदेशातली, पण क्रमवारीत मागे. माझा कल दुसरीकडे आहे, मात्र तिचा प्लेसमेंट अहवाल खालील तपासणीत टिकला तरच.

प्रादेशिक संस्थेचे नाव तिच्या परिसरातच वजनदार असते. तेथील कंपन्यांत जे माजी विद्यार्थी व्यवस्थापक झालेले असतात, त्यांच्यामुळेच बहुधा त्या कंपन्या दरवर्षी कॅम्पसवर येतात, आणि हे नाते कोणत्याही क्रमवारीत नीट उतरत नाही. 'फायनान्शियल टाइम्स'च्या एमबीए क्रमवारीत पदवीनंतर सुमारे तीन वर्षांनी मिळणाऱ्या पगाराला मोठे महत्त्व असते. म्हणजे आज आपण जो क्रमांक पाहतो, तो बऱ्याच अंशी काही वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्यांचा असतो.

अहवाल वाचताना आधी टक्केवारीचा छेद पाहावा. 'इतके टक्के प्लेसमेंट' हे प्रमाण संपूर्ण तुकडीचे आहे की फक्त नोकरी शोधणाऱ्यांचे? घरच्या व्यवसायात परतणाऱ्यांना किंवा कंपनीने पाठवलेल्यांना वगळणे रास्तच आहे, परंतु ज्यांची माहितीच मिळालेली नाही असे विद्यार्थी बरेच असतील, तर त्या टक्केवारीवर विसंबू नये. आकडा पदवीच्या दिवशीचा आहे की तीन महिन्यांनंतरचा, हेही दोन्ही संस्थांसाठी सारखे असले पाहिजे. पगाराच्या बाबतीत सरासरीऐवजी मध्यक (सर्व पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) मागावा: नऊ जणांना १० लाख आणि एकाला ६० लाख मिळाले, तर सरासरी १५ लाख होते, पण मध्यक १० लाखच राहतो. (जाहिरातीत कोणता आकडा येतो, ते सांगायला नको.)

मानांकनाचा, म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेल्या दर्जाच्या मान्यतेचा (अ‍ॅक्रेडिटेशन), उपयोग मर्यादित आहे. १९१६ साली स्थापन झालेली एएसीएसबी आणि युरोपातील इक्विस या मानांकन व्यवस्था प्रामुख्याने संपूर्ण संस्था तपासतात, तर अँबा या तिसऱ्या मानांकन व्यवस्थेचा भर एमबीएसारख्या अभ्यासक्रमांवर असतो. मानांकन नसलेली संस्था बाजूला ठेवायला याची मदत होते. दोन्हींकडे ते असेल तर तुलना पुढे सरकत नाही.

त्याऐवजी लिंक्डइनवर दोन्ही संस्थांचे तीन ते पाच वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेले आणि प्रवेशापूर्वी आपल्यासारखीच पार्श्वभूमी असलेले विद्यार्थी शोधावेत. ते आज कोणत्या शहरात आणि कोणत्या पदावर आहेत ते पाहून त्यांच्यापैकी काहींना थेट लिहावे. प्रवेश कार्यालय ज्यांच्याशी गाठ घालून देते, ते साहजिकच समाधानी विद्यार्थी असतात. खर्चाच्या हिशेबात शुल्काबरोबर अभ्यासाच्या काळात बुडणारा पगारही धरावा, कारण पूर्णवेळ अभ्यासक्रमात अनेकदा तोच शुल्कापेक्षा मोठा ठरतो आणि एक वर्षाच्या व दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांतला खरा फरक तिथेच दिसतो.