लर्निंग लायसन्स हातात आलं म्हणजे

ठाण्यात राहत असाल किंवा वाशीत, अर्ज 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवरच करायचा. आधारमधला पत्ता चालू असेल तर शिकाऊ परवान्याची परीक्षाही घरबसल्या होते. हा परवाना सहा महिने चालतो, पण पक्क्या लायसन्सची टेस्ट तीस दिवसांनंतरच देता येते. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. स्लॉट मिळाला नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

लोक चुकतात ते मधल्या काळात. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा. दुचाकीवर मागे मित्राला बसवून पामबीच रोडवर निघालात तर नियम मोडलाच, मागे बसणारा फक्त शिकवणारा असू शकतो. विनापरवाना चालवल्यास दंड ५,००० रुपये, आणि गाडी देणाऱ्या मालकावरही वेगळी कारवाई. अल्पवयीन मुलाला चावी दिलीत तर पालकाला किंवा मालकाला २५,००० आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

कागद डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये ठेवा, ते ग्राह्य धरतात. गॅलरीतला फोटो नाही. जुनी गाडी घेताना आधी ई-चलन तपासा: गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे पुरतात.