बाहेरून केलेली पदवी नोकरीला चालते का?

बारावीचा निकाल लागला की सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले पालक हा प्रश्न हमखास विचारतात. तोच प्रश्न फेब्रुवारीत आला, तर मागे बहुतेक वेळा हजेरीची नोटीस असते. देवगडजवळच्या एका गावातून एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे आली ती अशीच नोटीस हातात धरून. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा एस.वाय.बी.कॉम.ला. वडिलांची पाठ धरल्यामुळे फवारणी, मोहोराची राखण, गड्यांचा हिशेब, सगळं त्याच्यावर आलं होतं. पहिल्या सत्रात नियमित असलेला मुलगा दुसऱ्या सत्रात आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात दिसायचा. मुंबई विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे हजेरी ७५ टक्के लागते, त्यामुळे डिफॉल्टर यादीत नाव लागलं. त्यातच एका क्लासवाल्याने सांगितलं, कॉलेज सोड, घरबसल्या वर्षभरात पदवी मिळवून देतो.

आई म्हणाली, "माका एवढाच सांगा मॅडम, असली डिग्री नोकरीक चलता काय?"

मी आधी क्लासवाल्याचा विषय संपवला. तीन वर्षांची पदवी दूरशिक्षणाने करा की ऑनलाइन, तीन वर्षांचीच असते. वर्षात पदवी देतो म्हणणाऱ्याकडे फी भरायची नाही, आणि भरली असेल तर पावती घेऊन माझ्याकडे यायचं. शिवाय विद्यापीठांना असे दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम फ्रँचायझीवर चालवायला देता येत नाहीत.

मग मूळ प्रश्न. आपल्याकडे 'बाहेरून' म्हटलं की मुक्त विद्यापीठ, दूरशिक्षण, ऑनलाइन पदवी सगळं एकाच टोपलीत जातं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरली जाते, आणि २०२२ मध्ये यूजीसीने हे पुन्हा जाहीर केलं. म्हणजे पदवीधर एवढीच अट असलेल्या स्पर्धा परीक्षेला ती चालते. पण मान्यता त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमासाठी आणि त्या प्रवेशसत्रासाठी आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः बघायचं. आणि काही वाटा बंदच आहेत: इंजिनीअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा, शेती, हॉटेल मॅनेजमेंट यांच्या पदव्या या मार्गाने होत नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची पदवी घरून करता येईल का, असं विचारणारे पालक मला भेटतात, म्हणून मुद्दाम सांगते.

आईचा जीव भांड्यात पडला. माझा नाही. पदवी चालते, पण ती या मुलाच्या हातून पुरी होईल का, हे अजून कोणी विचारलंच नव्हतं. मी त्याला विचारलं, "गेल्या महिन्यात बागेतून आल्यावर वही किती वेळा उघडलीस?" तो खाली बघत म्हणाला, "एकदाही नाही." कॉलेजात गेलेल्या दिवशी मात्र लायब्ररीत बसून मित्रांबरोबर अकाउंट्सची गणितं सोडवली होती. मुक्त विद्यापीठात रोजची हजेरी नसते, पण पुस्तकं घरी येतात आणि ती वाचणारा एकटाच असतो. गृहपाठ वेळेवर द्यावे लागतात, संपर्कसत्रं असतात, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ऑनलाइन पदवीतही लॉगिन आणि सहभाग मोजला जातो. हजेरी चुकवायची म्हणून मार्ग बदलणाऱ्या मुलांची पुस्तकं बहुतेक वेळा कोरीच राहतात, हे मी खूप पाहिलंय.

म्हणून मी त्याला कॉलेज सोडू दिलं नाही. वडिलांचे दवाखान्याचे कागद जोडून प्राचार्यांना अर्ज लिहायला सांगितलं. योग्य कारण असेल तर हजेरीत सवलत देण्याचा अधिकार त्यांना असतो, पण अर्ज यादी लागल्या लागल्या गेला पाहिजे, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही. सवलत मिळाली. राखणीला घरच्यांनी एक नेपाळी गडी ठेवला. एका विषयात एटीकेटी लागली, ती पुढच्या परीक्षेत सुटेल. आणि पुढे खरंच शिक्षण थांबवावं लागलं, तरी मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट्स) एबीसी खात्यात, म्हणजे 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये, सात वर्षं राहतात. नव्या विद्यापीठाने त्यातले किती धरायचे ते मात्र त्याच्या नियमांवर, म्हणून नाव काढण्याआधी तिथे लेखी विचारायचं.

खरी गंमत पुढच्या भेटीत झाली. सोबत मुलाची मोठी बहीण आली होती. बारावीनंतर ती आंब्याच्या कॅनिंगमध्ये कामाला लागली होती, पाच वर्षं झाली. भावाची कहाणी ऐकून ती आईला म्हणाली, "मग माका कित्याक नाय?" तिने पिशवीतून वही काढली. हंगामात किती पगार आला, घरात काय दिलं, स्वतःसाठी काय ठेवलं, सगळं ओळीने लिहिलेलं. रोज रात्री जेवणं झाल्यावर ही मुलगी अर्धा तास लिहायला बसते. तिला कॉलेजची रोजची वारी परवडणारी नाही, आणि तिची तिला गरजही नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मराठी माध्यमातला बी.ए. तिच्यासाठी ठीक आहे, असं मी स्पष्ट सांगितलं.

प्रवेशासाठी आधी एबीसी आयडी, त्यावरून डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. तो तिने माझ्यासमोर स्वतःच्या फोनवर काढला. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकला की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि वर्षभर त्याच्या मागे फिरावं लागतं. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं निघालं, एकीकडे वडिलांचं नाव नव्हतं. ती आधी आधार दुरुस्त करून घेणार आहे. जूनच्या आत ते झालं, तर जुलैच्या सत्राचा अर्ज आम्ही भरू, नाहीतर जानेवारीचं सत्र सुरू होतंय का ते पाहू.