आधी ईसीयू, मग केबल, लॅपटॉप शेवटी

प्रश्न : ताई, माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीला टर्बो बसवतोय. कंपनीचा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) काढून प्रोग्राम करता येणारा बाहेरचा ईसीयू लावणार आहे. ट्यूनिंगसाठी वेगळा लॅपटॉप घ्यायचा आहे. काही मित्र म्हणतात, गेमिंगचा घे, ३२ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्डवाला, म्हणजे काम अडकणार नाही. बाकीचे म्हणतात, पडला-झडला तरी चालेल असा दणकटच हवा. कोणाचं ऐकू?

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात टर्बोचा आकार आहे, इंजेक्टरची क्षमता आहे, गाडीचा रंगसुद्धा आहे. कुठला ईसीयू घेणार, तेवढंच नाही. आणि माझं निम्मं उत्तर त्या एका नावावर अडलंय.

लोक लॅपटॉप आधी घेतात आणि मग माझ्याकडे येऊन विचारतात, हे सॉफ्टवेअर यावर का चढत नाही? क्रम उलटा ठेवा. ईसीयू ठरला की सॉफ्टवेअर ठरतं, सॉफ्टवेअर ठरलं की विंडोजची कुठली आवृत्ती आणि कुठली केबल ते ठरतं. मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो किंवा रसईएफआय घेतलात तर ट्यूनरस्टुडिओ वापराल. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. हॅलटेक, लिंक, मोटेक, होली यांची सॉफ्टवेअर विंडोजसाठी लिहिलेली आहेत. तेव्हा मन पक्कं झालं नसेल तर इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचा साधा विंडोज लॅपटॉप घ्या. त्यानं कुठलंच दार बंद होत नाही.

आता गेमिंगचं बघू. ६००० आरपीएमवर तुमच्या प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला ५० वेळा इंधन लागतं, चौघांना मिळून २०० वेळा. तेवढ्याच ठिणग्या. हे सगळं ईसीयू करतो. लॅपटॉप त्यात कुठेच नाही. गाडी चालू असताना केबल उपटली तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. लॅपटॉपनं करायचं ते इतकंच : इंधनाचा आणि इग्निशनचा तक्ता दाखवायचा, तुम्ही बदललेला आकडा ईसीयूला पाठवायचा आणि लॉग (चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद) लिहून ठेवायचा. लॉग म्हणजे तरी किती? ५० चॅनेल (नोंदवायचे आकडे), प्रत्येकी चार बाइट, सेकंदाला ५० वेळा नोंद, असं धरलं तर सेकंदाला दहा हजार बाइट झाले. तासाभराचा लॉग ३६ एमबी. मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ याहून मोठा असतो. ग्राफिक्स कार्ड इथे नुसतं बसून राहील आणि बॅटरी पिईल.

८ जीबी रॅम पुरते. १६ असली तर लॉग बघण्याचं सॉफ्टवेअर, ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर आणि मॅन्युअलची पीडीएफ एकत्र उघडी ठेवताना बरं पडतं. एसएसडी मात्र हवीच. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि खड्ड्यातून जाणारी गाडी यांचं जमत नाही.

पैसे घालायचे तर स्क्रीनवर घाला. वर्कशॉपमध्ये झकास दिसणारी स्क्रीन दुपारी उघड्यावर आरसा होते आणि त्यात तुम्हाला स्वतःचंच घामेजलेलं तोंड दिसतं. साध्या लॅपटॉपची उजळता २५० निट्सच्या आसपास असते. गाडीत बसून काम करायचं तर ४०० किंवा जास्त बघा, आणि काच चकचकीत नको, मॅट हवी. सॉफ्टवेअरमध्ये काळ्या पार्श्वभूमीची थीम असेल तर दिवसा ती बदलून पांढरी करा. आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यावर असताना स्क्रीन काळवंडली तर लॅपटॉपला शिव्या घालू नका, गॉगल काढा.

आकार १३ किंवा १४ इंच. १५ इंची मशीन शेजारच्या सीटवर मांडीवर धरलं की गिअरच्या दांड्याला अडतं. रिझोल्यूशन १९२० बाय १०८०. त्याहून कमी, म्हणजे १३६६ बाय ७६८ असेल, तर काही सॉफ्टवेअरच्या खिडक्यांचं खालचं टोक स्क्रीनबाहेर जातं आणि नेमकं ‘ओके’चं बटण तिथेच असतं. उलट ४के स्क्रीनवर जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरं मुंगीएवढी होतात. टचस्क्रीनसाठी जास्त पैसे देऊ नका. ग्रीस लागलेल्या बोटानं हलत्या गाडीत तक्त्यातला एक चौकोन धरता येत नाही, शेजारचा बदलला जातो. बाणांची बटणं मोठी आणि सुटी असलेला कीबोर्ड बघा, दिवसभर त्यांच्यावरच बोट असणार आहे.

दणकट लॅपटॉपवाल्या मित्रांचं अगदीच चूक नाही. पॅनासोनिकचा टफबुक किंवा गेटॅकची मशीनं खरोखर चिवट असतात, त्यांच्या बऱ्याच मॉडेलची स्क्रीन उन्हातही वाचता येते आणि काहींना जुना सीरियल पोर्टही मिळतो. पण ती जड असतात, आणि सेकंडहँड बाजारात जी हाताला लागतात ती बहुधा इतकी जुनी असतात की नवं विंडोज त्यांच्यावर रडतखडत चालतं. रोज वर्कशॉपमध्ये वापरायचं असेल तर विचार करा. तुमच्या एका गाडीसाठी मी ऑफिसांतून निघालेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक सुचवीन. बिजागऱ्या मजबूत असतात, सुटे भाग मिळतात, यूएसबीचे जुने रुंद पोर्ट दोन-तीन तरी असतात. दिसायला रटाळ असतात, असू देत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असाच घ्या. घेण्यापूर्वी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता ताडून बघा. निम्म्यावर आली असेल तर बॅटरी बदलायचा खर्च धरूनच बोलणी करा.

नवा घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. विंडोज ‘एस मोड’मध्ये असेल तर स्टोअरबाहेरचं सॉफ्टवेअर चढणार नाही. तो मोड बंद करता येतो, परत चालू मात्र होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. दुसरं, प्रोसेसर स्नॅपड्रॅगन असेल तर पुढचं उत्तर वाचा.

आणि एक विनंती. चाचणीला जाताना चालवणारा वेगळा आणि लॅपटॉपवाला वेगळा. एकटेच असाल तर फक्त लॉग चालू करा, गाडी चालवा, थांबल्यावर आकडे बघा. लॅपटॉपचा स्टँड डॅशबोर्डवर एअरबॅगसमोर लावू नका.

प्रश्न : माझ्याकडे एम-सिरीजचा मॅक आहे. त्यात व्हर्च्युअल मशीन टाकून विंडोज चालवलं तर वेगळा लॅपटॉप घ्यायचं टळेल का?

उत्तर : ट्यूनरस्टुडिओपुरतं काम असेल तर विंडोजही नको, ते मॅकवर थेट चालतं. इतरांसाठी मी नाही म्हणेन.

इंटेलच्या मॅकवर विंडोज थेट चढवायला बूट कॅम्प होतं, एम-सिरीजवर ते नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये जे विंडोज चढतं ते एआरएम प्रोसेसरचं विंडोज असतं. त्यावर तुमचं सॉफ्टवेअर उघडेल, मेनू दिसतील, जुना लॉगही वाचता येईल, आणि तुम्हाला वाटेल जमलं. मग केबल लावाल. इंटेलसाठी लिहिलेल्या साध्या प्रोग्रामचं एआरएमसाठी भाषांतर करून विंडोज वेळ मारून नेतं, पण केबलचा ड्रायव्हर (केबलशी बोलणारं छोटं सॉफ्टवेअर) असतो विंडोजच्या गाभ्यात, तिथे हे भाषांतर चालत नाही. ड्रायव्हर खास एआरएमसाठी बनवलेला असेल तरच चालतो, आणि ट्यूनिंगच्या केबल बनवणाऱ्या सगळ्यांनी ती तसदी घेतलेली नाही. स्नॅपड्रॅगनवाल्या विंडोज लॅपटॉपची गोम हीच. एरवी ती मशीनं छान आहेत, बॅटरी दिवसभर पुरते, पण केबलवाल्यानं एआरएमचा ड्रायव्हर दिलाय हे वाचल्याशिवाय या कामासाठी घेऊ नका. मॅक घरी लॉग बघायला ठेवा.

प्रश्न : इंजिन बंद असताना ईसीयूशी जोडणी व्यवस्थित होते. चालू केल्यावर आयडलला टिकते. ३००० च्या वर रेस केली की तुटते आणि विंडोजचा तो ‘टुंग’ आवाज येतो. लॅपटॉप बदलू का? चार्जर गाडीतल्या इन्व्हर्टरवर असतो.

उत्तर : शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून बरं झालं. लॅपटॉप बदलू नका, चार्जर काढा.

इन्व्हर्टरमधून आलेल्या चार्जरचं अर्थिंग आणि यूएसबी केबलमधून ईसीयूकडून आलेलं अर्थिंग असे दोन रस्ते झाले की मधे एक वेटोळं बनतं आणि अल्टरनेटरचा, कॉइलचा सगळा कचरा त्यातून फिरतो. यूएसबीला तो सहन होत नाही, ती जोडणी सोडून देते. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर ठेवून तीच रेस करून बघा. ‘टुंग’ थांबला तर रोग सापडला. पहिल्या प्रश्नातले वाचकही ऐका : बॅटरी चांगली हवी, ती यासाठी.

नाही थांबला तर केबल कुठून नेली आहे ते बघा. कॉइलच्या आणि प्लगच्या वायरींना चिकटून जात असेल तर दूर घ्या, शक्य तितकी आखूड वापरा, दोन्ही टोकांना फेराइटचे मणी असलेली घ्या. प्लग रेझिस्टरवाले आहेत ना? जुन्या गाडीला कुणीतरी बिनरेझिस्टरचे लावून ठेवलेले असतात आणि मग सगळं इंजिन रेडिओ स्टेशनसारखं लहरी सोडत असतं. ईसीयूचं अर्थिंग कुठे घेतलंय तेही तपासा. बॉडीवर रंगाच्या थरावर स्क्रू आवळलेला असेल तर खरवडून धातू उघडा करा, किंवा ईसीयूच्या मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्या जागी, बहुतेकदा थेट इंजिन ब्लॉकवर, न्या. एवढं करूनही भागलं नाही तर यूएसबी आयसोलेटर मिळतो, तो मधे लावा. तो लॅपटॉप आणि गाडी यांच्यातला विजेचा थेट संबंधच तोडतो, माहिती तेवढी जाऊ देतो.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (रिकामा यूएसबी पोर्ट झोपवणं) असतं, तेही बंद करा. पण तुमची तक्रार आरपीएमबरोबर वाढते, म्हणून मला ते कारण वाटत नाही.

ज्यांची केबल मुळात जोडलीच जात नाही त्यांच्यासाठी : बऱ्याच केबलींत यूएसबीचं सीरियलमध्ये रूपांतर करणारी चिप असते, एफटीडीआयची किंवा प्रोलिफिकची. प्रोलिफिकच्या जुन्या चिपना नवे ड्रायव्हर ओळख देत नाहीत, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं. एफटीडीआयच्या नकली चिपांचा तर २०१४ मध्ये जाहीर पंचनामा झाला होता : विंडोज अपडेटमधून आलेल्या ड्रायव्हरनं त्यांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला आणि चालत्या केबली रातोरात मुक्या झाल्या. त्यावर आरडाओरडा होऊन तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. केबल घेताना कंजुषी करू नका, हे सांगायला मला हा किस्सा आवडतो. विंडोज ११ वर ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षेची सेटिंग चालू असेल तर तीही काही जुने ड्रायव्हर अडवते.

प्रश्न : मी ऑटोमोबाइलचा विद्यार्थी आहे. कंपनीचाच ईसीयू फ्लॅश करून शिकायचं आहे. मधेच लॅपटॉप बंद पडला तर ईसीयू कायमचा जातो का?

उत्तर : जाऊ शकतो, म्हणून तू आधी विचारलंस ते छान. बाहेरच्या ईसीयूवर इंजिन चालू असताना एकेक आकडा बदलता येतो, तिथे जोडणी तुटली तर फार तर शेवटचा बदल जातो. फ्लॅशमध्ये जुना प्रोग्राम पुसला जातो आणि नवा लिहिला जातो. मधे खंड पडला तर ईसीयूकडे ना जुना राहतो ना नवा. त्याचा बूटलोडर (नवा प्रोग्राम आत घेणारा छोटा मूळ प्रोग्राम) शाबूत असेल तर पुन्हा लिहिता येतं. नसेल तर ईसीयू काढून, खोलून, बेंचवर काम करावं लागतं, आणि तेही प्रत्येकाचं जमतंच असं नाही.

लॅपटॉप तर पूर्ण चार्ज असावाच, पण गाडीच्या बॅटरीकडे जास्त लक्ष दे. इग्निशन चालू, इंजिन बंद, रेडिएटरचा पंखा मधेच सुरू झाला, की व्होल्टेज ढासळतं. फ्लॅशिंगसाठी चालणारा, व्होल्टेज स्थिर ठेवणारा सपोर्ट चार्जर गाडीला लाव. दिवे, एसी, स्टिरिओ बंद. लॅपटॉपवर स्लीप बंद कर, झाकण मिटल्यावर काय करायचं तिथे ‘काहीच नको’ निवड, विंडोज अपडेट थांबव, वायफाय बंद ठेव. फ्लॅश ब्लूटूथवरून कधीही नाही, केबलनंच.

आणि लिहिण्याआधी वाचून घे. मूळ फाइल काढता येत असेल तर ती तीन ठिकाणी ठेव, नावात गाडी आणि तारीख घाल. ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल खरी’ अशी नावं दिलेले लॅपटॉप माझ्याकडे येतात आणि त्यांच्या मालकांना कुठली फाइल गाडीत आहे ते सांगता येत नाही.

प्रश्न : मोबाइल आणि ब्लूटूथचा छोटा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारा) एवढ्यावर भागेल का?

उत्तर : बघण्यापुरतं भागेल. फॉल्ट कोड वाचणं, कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (ईसीयूनं इंधनात केलेली दुरुस्ती), एवढं ईएलएम३२७ जातीच्या अडॅप्टरवर दिसतं. पण बरेच पॅरामीटर एकदम मागितले की प्रत्येकाचा नंबर सेकंदात जेमतेम काही वेळा लागतो. गिअर बदलताना क्षणभर मिश्रण पातळ होतं, ते त्यात दिसत नाही. त्यातून बाजारात नकला इतक्या आहेत की काही अडॅप्टर अर्धे प्रोटोकॉल बोलतच नाहीत. खरेदीच्या वेळी जुनी गाडी तपासायला मी असा एक पर्समध्ये ठेवते. ट्यूनिंगला निघताना तो घरी राहतो.